एकतीस टोचण्यांआधी वहीत चार रकाने

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. वय ३७. सोळाव्या वर्षापासून अर्धशिशी आहे. आधी महिन्यातून दोन-तीनदा उठायची, गेली दोन वर्षं महिन्यातले वीस-बावीस दिवस डोकं दुखतं. त्यातले दहा-बारा दिवस तर उजवी बाजू ठणकते, उलट्या होतात, उजेड सोसत नाही. वर्गात दुखू नये म्हणून शाळेला निघतानाच गोळी घेऊन ठेवते. एमआरआय चांगला आला. दुखणं उठूच नये म्हणून रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही तिन्ही औषधं झाली. आता मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टनी दर तीन महिन्यांनी डोक्यात आणि मानेत बोटॉक्सची इंजेक्शनं घ्यायला सांगितली आहेत. सासूबाई म्हणतात, ‘नट्या तोंडाला टोचून घेतात ते विष ना हे?’ यजमान नको म्हणत नाहीत, पण खर्च ऐकून गप्प झाले. माझी आई जन्मभर कपाळाला पदर आवळून चुलीपुढे बसली. ती म्हणते, बायकांचं डोकं दुखायचंच. दुखण्याच्या दिवशी मान खाली घालून मुलीची वेणीसुद्धा घालवत नाही, ती नुसती क्लिप लावून शाळेत जाते. इंजेक्शनं घ्यावीत का? चेहरा वाकडा होईल का? की आहे ते सहन करावं?

उत्तर:

प्रिय ताई,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. इंजेक्शनं घ्यावीत. निदान दोन वेळा घेऊन पाहावीत. पण त्याआधी एक महिना दुखण्याचे दिवस नीट मोजावेत आणि सकाळची ती गोळी सोडायच्या मागे लागावं. तिसऱ्या वेळेला पैसे भरायचे की नाही, ते तुमच्या वहीतल्या आकड्यांवरून ठरू दे. डॉक्टरांच्या उत्साहावरून नको आणि सासूबाईंच्या भीतीवरूनही नको.

सहन करावं का, हा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी आणि अगदी हळू विचारलाय. नाही, करू नये. तुमच्या आईंनी पदर आवळला, कारण त्या काळात त्यांच्या हाती तेवढंच होतं. त्यांनी सोसलं म्हणून तुम्हीही सोसायला हवं, असा काही नियम नाही. अर्धशिशी घराण्यातून येते, त्यामुळे एकाच घरात आजी, आई, लेक असं तिघींचंही डोकं दुखताना दिसतं आणि मग ते बाईच्या जातीला चिकटलेलंच वाटायला लागतं. हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. जगभर माणसांना कामातून उठवणाऱ्या आजारांच्या यादीत २०१९ मध्ये तो दुसरा होता, आणि तरुण बायकांमध्ये पहिला.

तुमच्या आजाराला आता नुसतं मायग्रेन म्हणत नाहीत. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले किमान ८ दिवस खऱ्या अर्धशिशीचे असतील, तर ते क्रॉनिक मायग्रेन. तुम्ही त्यात सरळ बसता. हे महत्त्वाचं अशासाठी, की बोटॉक्सचा उपयोग याच प्रकारात सिद्ध झालाय. महिन्यातून चार-पाचदा डोकं दुखणाऱ्यांवरही ते वापरून पाहिलं गेलं, पण तिथे त्याचा फायदा दिसला नाही. तेव्हा तुमचं वाचून महिन्यातून दोनदा अर्धशिशी उठणारी एखादी मैत्रीण निघाली असेल, तर तिला थांबवा.

आता विषाचं. सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. ते विषच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू ते तयार करतो. त्याच्या नावातलं ‘बोट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी बिघडलेलं सॉसेज खाऊन माणसं लुळी पडत, त्यावरून ते नाव आलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि त्यांच्यातले काही दगावले. त्या प्रकरणाचा तपास करताना एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी हा जीवाणू शोधून काढला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतले नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी याच विषाचा अगदी सूक्ष्म थेंब वापरून तिरळे डोळे सरळ करता येतात हे दाखवलं. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती डोळ्यांच्या आजारांसाठी. सुरकुत्या नंतर आल्या. आणि १९९० च्या दशकात सुरकुत्यांसाठी हे टोचून घेणाऱ्या बायकाच सांगू लागल्या, डॉक्टर, माझं डोकंही दुखायचं कमी झालंय. विल्यम बाइंडर या सर्जननी ते बोलणं हसण्यावारी नेलं नाही, आणि तिथून हा उपचार सुरू झाला. म्हणजे नट्यांचा संबंध आहे, पण तो असा. सासूबाईंना हे सगळं जरूर सांगा. मला वाटतं, त्यांना ते ऐकायला आवडेल.

हे औषध मज्जातंतूंच्या टोकांशी काम करतं. एका तंतूकडून पुढे निरोप जायचा तर रसायनांच्या बारीक पिशव्या टोकाशी येऊन फुटाव्या लागतात. हे विष त्या पिशव्या फोडणारं एक प्रथिनच कापून टाकतं. स्नायूकडे जाणारा निरोप थांबला की सुरकुती मिटते. वेदना वाहून नेणाऱ्या तंतूमध्ये हेच घडलं की सीजीआरपीसारखी वेदना भडकवणारी रसायनं बाहेर पडत नाहीत. कपाळ, कानशिलं आणि मान इथून मेंदूकडे सतत जाणारा हा मारा कमी झाला, की तापलेली यंत्रणा हळूहळू निवते. म्हणूनच हे वेदनाशामक नाही. आज टोचलं आणि संध्याकाळी उतरलं, असं होत नाही. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तो साधारण तीन महिने टिकतो.

आणि किती फरक? इथे मी तुम्हाला गुळचट काही सांगणार नाही. ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर हा उपचार उभा आहे, त्यांत मिळून १३८४ रुग्ण होते. तुमच्यासारखेच, महिन्यातले वीसेक दिवस डोकं धरून बसणारे. निम्म्यांना खरं औषध टोचलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. २४ आठवड्यांनी औषधवाल्यांचे महिन्याचे सरासरी ८.४ दिवस कमी झाले होते आणि मिठाच्या पाण्यावाल्यांचे ६.६. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले असे औषधाच्या गटात शंभरातले ४७, पाण्याच्या गटात ३५. आकड्यांतला फरक लहान आहे, हे खरंच आहे. पण सरासरीत सगळे एकत्र ढवळले जातात. माझ्याकडे येणाऱ्यांत काहींना याचा काडीचाही उपयोग होत नाही, आणि काहींचे बावीस दिवसांचे आठ होतात. तुम्ही कोणात बसाल, हे टोचल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर मोजायचं. ब्रिटन आणि अमेरिकेत २०१० मध्ये क्रॉनिक मायग्रेनसाठी याला मान्यता मिळाली, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी नियम ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये एक सरळ अट घातली. आधी किमान तीन प्रतिबंधक औषधं करून झालेली हवीत, आणि दोन वेळा टोचूनही दुखण्याचे दिवस ३० टक्क्यांनी कमी झाले नाहीत तर थांबा. तुमचे दिवस २२ असतील तर दोन फेऱ्यांनंतर ते १५ च्या आसपास किंवा खाली यायला हवेत. आले नाहीत, तर तिसऱ्यांदा पैसे घालू नका. डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारा. सीजीआरपीवरच नेम धरणारी, महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आता आपल्याकडे मिळतात.

आता त्या सकाळच्या गोळीकडे येते. पत्रासोबत तुम्ही पाकिटाची झेरॉक्स जोडली, फार बरं केलंत. त्या एका गोळीत अर्गोटामाइन, कॅफिन आणि पॅरासिटामॉल असं सगळं आहे. अशी मिश्र गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांवर घेतली, की गोळीच डोकं दुखवायला लागते. अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्यांचंही तेच. नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन असेल तर ही मर्यादा १५ दिवसांची. तुम्ही शाळेच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी घेताय, म्हणजे महिन्याला वीसच्या घरात. दुखेल या भीतीने घेतलेली गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. या फेऱ्यात मी डॉक्टर, नर्स, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या मुली, सगळ्यांना अडकताना पाहिलंय. यात तुमची काही चूक नाही. नोकरी सांभाळायची, चाळीस मुलं सांभाळायची, तर दुसरं काय केलं असतं तुम्ही?

पण ती सोडावी लागेल. मनाने, एका झटक्यात नको. पहिले आठ-दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, आणि नेमका तिथेच बहुतेकींचा धीर सुटतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, महिन्याला वीस गोळ्या जातात. तुमच्या पत्रावरून मला शंका आहे, की हा आकडा तुम्ही त्यांना नीट सांगितलेला नाही. मधले दिवस काढायला ते दुसरं काही देऊ शकतात. हे परीक्षेच्या धामधुमीत करू नका, सुट्टीला जोडून करा. आणि गोळी पूर्ण सुटेपर्यंत इंजेक्शनासाठी अडूनही बसू नका. त्या चाचण्यांतल्या दर तिघांपैकी दोघेजण अशाच गोळ्यांच्या आहारी गेलेले होते, तरी त्यांना फायदा झाला. दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू शकतात. आणखी एक, हे मात्र लक्षात ठेवाच. अर्गोटामाइन रक्तवाहिन्या आवळतं. खोकल्या-तापासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर ही गोळी घेता हे आधी सांगा. दोन्ही एकत्र गेली तर हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ही गोळी चालतच नाही. टोपिरामेटही नाही. आणि बोटॉक्सही गरोदरपणात देत नाही, तेव्हा तो विचार डॉक्टरांजवळ मोकळेपणाने बोला.

आधीच्या तीन औषधांबद्दल थोडंच. टोपिरामेटवर असताना फळ्यासमोर ‘भागाकार’ हा शब्दच आठवेना, असं तुम्ही लिहिलंय. तो त्या औषधाचा ओळखीचा त्रास आहे, आणि शिक्षिकेला तो परवडणारा नाही. ते थांबवलंत ते योग्यच. बाकीची दोन मात्र पुरेशा मात्रेत किमान दोन महिने घेतली होती का, ते तपासा. तीन आठवड्यांत सोडलेलं औषध ‘लागू पडलं नाही’ म्हणता येत नाही. प्रोप्रॅनोलॉल दम्यामुळे थांबवलं असेल, तर गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण भीती असते ती न पाहिलेल्याची. दाखल व्हावं लागत नाही, भूल नाही, उपाशीपोटी यायचं नाही. तुम्हाला खुर्चीत ताठ बसवतील, केस वर बांधतील, टिकली काढायला लावतील. औषध बाटलीच्या तळाशी जेमतेम दिसेल न दिसेल असं असतं. त्यात सलाइन घालून ते विरघळवतात. सुई इन्शुलिनच्या सुईसारखी, केसाएवढी. पहिल्या दोन टोचण्या भुवयांच्या आतल्या टोकांशी, एक टिकलीच्या जरा खाली, चार कपाळावर. मग दोन्ही कानशिलांवर चार-चार, डोक्याच्या मागे तीन-तीन, मानेच्या वरच्या भागात दोन-दोन आणि खांद्यांवर तीन-तीन. एकूण ३१. प्रत्येक ठिकाणी ५ युनिट, म्हणजे सगळे मिळून १५५. दुखणं एखाद्या जागी जास्त असेल तर तिथे थोडं वाढवतात, पण १९५ च्या वर जात नाहीत.

कपाळावर टोचताना आतून ‘कर्रर’ असा बारीक आवाज येतो, कोरडी लाही दाताखाली यावी तसा. माझ्याकडे येणाऱ्या बायका सगळ्यात जास्त दचकतात त्या या आवाजाला, सुईला नाही. आधी सांगून ठेवलं की दचकत नाहीत, म्हणून तुम्हालाही सांगितलं. डोळ्यांत पाणी येतं, ते नाकाच्या मुळाशी टोचल्यावर. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. कपाळावर डास चावल्यासारखे फुगवटे दिसतात, ते तासाभरात बसतात. त्या दिवशी डोकं चोळायचं नाही, तेल-चंपी नाही, काही तास आडवं पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा.

चेहरा वाकडा होईल का? लकवा मारल्यासारखा, नाही. शंभरातल्या चौघींची पापणी थोडी खाली येते, किंवा एखादी भुवई वर चढते. ते काही आठवड्यांत आपोआप सुधारतं, कारण औषधाचा परिणामच कायमचा नाही. त्याहून जास्त वेळा, शंभरात साधारण नऊजणींची, मान दुखते किंवा जड वाटते. फळ्यावर लिहिणाऱ्या, वह्या तपासणाऱ्या बाईला हे जाणवतंच. तुमची मान बारीक असेल किंवा आधीच दुखत असेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. ते मानेतल्या जागा थोड्या वर घेतात. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र थेट दवाखाना गाठायचा. असं फार क्वचित होतं, पण माहीत असावं. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी हे घ्यायचं नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी पैसे वाचवायला म्हणून हेच त्वचेच्या एका दवाखान्यात करून घेतलं होतं. तिथे फक्त कपाळावर टोचलं, कानशिलं आणि मान सोडूनच दिली. कपाळ गुळगुळीत झालं, डोकं दुखतच राहिलं, आणि वर ‘बोटॉक्स करून पाहिलं, गुण नाही’ असा शिक्का बसला. तेव्हा अर्धशिशीसाठीच हे नेहमी करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडेच जा. कोणत्या कंपनीचं औषध आहे ते विचारा. एका कंपनीचं एक युनिट दुसरीच्या एका युनिटाएवढं नसतं, आणि १५५ हा आकडा मूळ बोटॉक्सचा आहे. बाटली तुमच्यासमोर उघडू दे, मुदत बघा. ती फ्रीजमधली हवी. यात संकोच कसला, तुमचे पैसे आहेत.

आणि पैसे थोडे नाहीत. एकेका वेळेला दहा हजारांच्या पटीत जातात, वर्षातून चार वेळा. यजमान गप्प झाले याचं मला नवल वाटत नाही. विमा असेल तर दाखल न होता घेतलेला उपचार त्यात बसतो का, ते आधी लेखी विचारा. शाळेकडून प्रतिपूर्ती मिळते का, तेही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग असेल, तर तिथेही चौकशी करा. यजमानांशी बोलताना वर्षाचा आकडा सांगू नका, दोन वेळांचा सांगा, कारण तुम्ही आत्ता ठरवताय ते तेवढंच. आणि त्याच्या शेजारी गेल्या वर्षीच्या बिनपगारी रजा लिहा.

संकष्टीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मी विचारतेच. चंद्रोदय होईपर्यंत दिवसभर उपाशी राहत असाल, तर तो दिवस तुमच्या बावीसमध्ये हटकून असणार. उपास करा, पण दर तीन-चार तासांनी दूध, फळ, राजगिरा असं काहीतरी पोटात जाऊ द्या. पाणी भरपूर प्या. देव रागावत नाही.

वही आजच घ्या. तुम्ही रोज हजेरी घेता, तशीच ही. दर दिवसाला चार रकाने आखा. डोकं दुखलं का. दुखलं तर नुसतं दुखलं की अर्धशिशी उठली. गोळी घेतली का, कोणती. मोबाइलमध्ये नको, कागदावर, म्हणजे डॉक्टरांपुढे एका नजरेत ठेवता येईल. पाळी आली तो दिवस कडेला खुणेने दाखवा. पहिला महिना इंजेक्शनाशिवायचा, मग टोचल्यानंतरचे सहा महिने. बारा आठवड्यांची फेरी संपत आली की शेवटचे आठ-दहा दिवस पुन्हा थोडे वाईट जातात, तेही वहीत दिसेल, घाबरू नका.

चौथा रकाना वेणीचा. सकाळी मुलीची वेणी घातली असेल त्या दिवशी टिकमार्क करा. दुसऱ्या इंजेक्शनानंतर तीन महिने झाले की मला पुन्हा पत्र लिहा, आणि त्यात या रकान्याची बेरीज आधी कळवा.